मताधिकार नसलेल्या डचेसचा मतांचा जोगवा

लंडनच्या कॉव्हेन्ट गार्डन भागात सेंट पॉल चर्चसमोर १ एप्रिल १७८४ रोजी मतदानासाठी एक लाकडी मांडव उभा राहिला आणि तो पुढचे चाळीस दिवस हलला नाही. वेस्टमिन्स्टर मतदारसंघाची ती निवडणूक होती. मतदार त्या मांडवात येई, आपले नाव, पत्ता आणि व्यवसाय सांगे आणि कोणाला मत देतो हे सर्वांदेखत मोठ्याने उच्चारी. समोरच्या जमावातून जयजयकार होई, नाहीतर सडकी भाजी अंगावर येई. गुप्त मतदानाची पद्धत इंग्लंडमध्ये यायला १८७२ साल उजाडायचे होते. अशा या गदारोळात आसपासच्या गल्लीबोळांतून, खाटकांच्या, मेणबत्तीवाल्यांच्या, दर्जींच्या दुकानांतून एक सव्वीस वर्षांची स्त्री फिरत होती. टोपीत कोल्ह्याच्या शेपटीचा तुरा, अंगावर निळ्या आणि पिवळसर रंगाचा पोशाख. हे रंग तिच्या पक्षाचे आणि कोल्हा म्हणजे तिचा उमेदवार चार्ल्स जेम्स फॉक्स. ही स्त्री म्हणजे जॉर्जियाना, डचेस ऑफ डेव्हनशर. देशातल्या सर्वांत धनाढ्य उमराव घराण्यांपैकी एका घराण्याची ती सून होती. मात्र ज्या मेणबत्तीवाल्याकडे ती मत मागत होती, त्याला मताचा अधिकार होता आणि तिला नव्हता.

इंग्लंडच्या राजकीय इतिहासात या प्रसंगाची नोंद बराच काळ एका चहाटळ आख्यायिकेपुरती राहिली. डचेसने एका खाटकाच्या मताच्या बदल्यात त्याला आपले चुंबन दिले, ही ती आख्यायिका. जॉर्जियानाच्या आयुष्यातील पुढचे-मागचे सारे या एका चुंबनाखाली दडपले गेले. वस्तुतः तिचे चरित्र हे अठराव्या शतकातील उच्चकुलीन स्त्रीला राजकारणात कोठवर जाता येत होते आणि त्याची किंमत घरात कशी मोजावी लागत होती, याचा लख्ख पुरावा आहे. भारतीय, त्यातही मराठी वाचकाला त्यात आणखी एक धागा सापडतो. ज्या वादातून ही निवडणूक उद्भवली, तो वाद हिंदुस्थानच्या कारभाराचा होता.

स्पेन्सरांची लेक

जॉर्जियानाचा जन्म ७ जून १७५७ रोजी नॉर्दम्प्टनशरमधील ऑलथॉर्प येथे झाला. वडील जॉन स्पेन्सर पुढे पहिले अर्ल स्पेन्सर झाले. आई मार्गारेट जॉर्जियाना ही धर्मपरायण, दानशूर आणि शिस्तीची, पण तिलाही पत्त्यांच्या जुगाराचा नाद होता. लेकीला ती पत्रांमधून आयुष्यभर उपदेश करीत राहिली आणि लेकही तिला आयुष्यभर पत्रे लिहीत राहिली. भाऊ जॉर्ज पुढे नौदल खात्याचा प्रमुख झाला. धाकटी बहीण हॅरिएट ही जॉर्जियानाची अखेरपर्यंतची सोबतीण होती. प्रिन्सेस डायना याच स्पेन्सर घराण्यातली, जॉर्जियानाच्या भावाच्या वंशातली. दोघींच्या आयुष्यातील साम्यस्थळे शोधण्याचा मोह अनेकांना पडतो आणि २००८ साली आलेल्या ‘द डचेस’ या चित्रपटाच्या जाहिरातीतही त्याचा भरपूर उपयोग करण्यात आला होता. ती साम्ये वरवरची आहेत. डायनाला राजकारणात रस घेण्याची मुभा नव्हती. जॉर्जियानाचा तर तो श्वास होता.

जून १७७४ मध्ये, सतरावे वर्ष पुरे होत असतानाच, तिचा विवाह डेव्हनशरचे पाचवे ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश यांच्याशी झाला. ड्यूक पंचविशीतले. डर्बीशरमधील चॅट्सवर्थचा प्रासाद, लंडनमध्ये पिकॅडिलीवरील डेव्हनशर हाऊस आणि इंग्लंड-आयर्लंडमध्ये पसरलेल्या जमिनी असे हे वैभव होते. माणूस मात्र अबोल, थंड आणि आळसावलेला. ब्रुक्स क्लबात पहाटेपर्यंत पत्ते खेळावेत आणि दुपारी उठावे, हा त्यांचा दिनक्रम. जॉर्जियाना भावनेने ओथंबलेली, बोलकी, सर्वांना जिंकून घेणारी. नवऱ्याकडून तिला ना राग मिळाला ना लोभ. मिळाले ते एक सभ्य दुर्लक्ष. लग्नाच्या सुमारासच ड्यूकना एका टोप्या शिवणाऱ्या स्त्रीपासून मुलगी झाली होती. त्या स्त्रीच्या मृत्यूनंतर ती मुलगी, शार्लट, घरी आणली गेली आणि जॉर्जियानाने तिला मायेने वाढवले.

सासरची मुख्य अपेक्षा एकच होती, वारसाची. लग्नानंतर नऊ वर्षे पाळणा हलला नाही. एकापाठोपाठ गर्भपात होत गेले आणि त्याचा दोष तिच्या जागरणांना, नृत्याला, घोडदौडीला दिला गेला. तिनेही ती पोकळी समारंभांनी भरून काढली. तिने केसांचे तीन-तीन फूट उंच मनोरे बांधले, त्यांवर शहामृगाची लांबलचक पिसे खोवली आणि लंडनमधील प्रत्येक उच्चभ्रू स्त्री तसेच करू लागली. ती काय ल्यायली, कोठे गेली, कोणाशी नाचली, याच्या बातम्या वृत्तपत्रे रोज छापत. लंडनमध्ये तेव्हा दैनिकांचा धंदा जोमात आला होता आणि खपासाठी त्यांना एक चेहरा हवा होता. तो त्यांना मिळाला. आजच्या ‘सेलिब्रिटी’ पत्रकारितेची मुळे शोधायची तर येथवर यावे लागते. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्याशीही तिची मैत्री जडली होती.

तिच्या लेखणीची नोंदही घ्यायला हवी. १७७०च्या दशकाच्या अखेरीस ‘द सिल्फ’ ही निनावी कादंबरी प्रसिद्ध झाली. खेड्यातली भोळी तरुणी एका शहरी, जुगारी उमरावाशी लग्न करते आणि त्या समाजात हरवत जाते, असे तिचे कथानक आहे. ही कादंबरी जॉर्जियानाचीच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या वेळी ती विशीच्या उंबरठ्यावर होती. ज्या समाजाची ती राणी होती, त्याच समाजाचा पोकळपणा तिला दिसत होता, हे यावरून कळते.

हिंदुस्थानचे विधेयक आणि लंडनमधील सत्तांतर

कॅव्हेंडिश घराणे म्हणजे व्हिग पक्षाचा आधारस्तंभ. राजाच्या अधिकारांना संसदेने वेसण घालावी, ही व्हिगांची मूळ भूमिका. राजा तिसरा जॉर्ज याच्याशी त्यांचे वैर त्यातून आले. या पक्षाचा सर्वांत तेजस्वी वक्ता म्हणजे फॉक्स. स्थूल, गबाळा, कर्जबाजारी, जुगारी आणि तरीही विलक्षण मोहक असा तो माणूस होता. डेव्हनशर हाऊस हा या पक्षाचा अनौपचारिक दरबार आणि जॉर्जियाना त्याची यजमानीण. तेथे फॉक्स येई, नाटककार आणि खासदार शेरिडन येई, युवराज प्रिन्स ऑफ वेल्स येई. जेवणाच्या टेबलावर कोणाशेजारी कोणाला बसवायचे, कोणत्या रुसलेल्या सरदाराला कोणत्या आठवड्यात चॅट्सवर्थला बोलवायचे, हे वरकरणी यजमानपण असले तरी पक्षसंघटनेचेच काम होते. पक्षाला कार्यालय नाही, सदस्य नोंदणी नाही, अशा त्या काळात घरे हीच पक्षाची कार्यालये असत आणि घरे स्त्रिया चालवीत.

१७८३ मध्ये फॉक्स आणि लॉर्ड नॉर्थ यांचे आघाडी सरकार सत्तेवर होते. त्याच्यापुढे सर्वांत अवघड प्रश्न होता ईस्ट इंडिया कंपनीचा. पहिले इंग्रज-मराठा युद्ध १७७५ पासून सात वर्षे चालले. १७७९ मध्ये वडगाव येथे कंपनीच्या फौजेला मराठ्यांपुढे मान तुकवावी लागली आणि अखेर १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. त्यातच दक्षिणेत हैदरअलीशी लढा चालू होता. या युद्धांनी कंपनीच्या तिजोरीला खिंडार पडले आणि ती सरकारकडे सवलतींची याचना करीत आली. एका व्यापारी मंडळीने एवढ्या मोठ्या प्रदेशाचा कारभार करावा का, हा प्रश्न मग लंडनमध्ये ऐरणीवर आला. कंपनीचा कारभार सात आयुक्तांच्या मंडळाकडे द्यावा आणि ते आयुक्त संसदेने नेमावेत, असे विधेयक फॉक्सने आणले. त्याच्या मसुद्यामागे एडमंड बर्कचा हात होता.

विधेयकातला कळीचा मुद्दा असा की, ते सातही जण फॉक्सच्या गोटातले होते. हिंदुस्थानातल्या नेमणुका आणि त्यांतून मिळणारा मलिदा फॉक्सच्या हाती जाणार, असा ओरडा झाला. व्यंगचित्रकार जेम्स सेयर्स याने फॉक्सला ‘कार्लो खान’ बनवून, पौर्वात्य पोशाख चढवून, हत्तीवरून कंपनीच्या कचेरीकडे मिरवत नेले. हत्तीला तोंड होते लॉर्ड नॉर्थचे. हे चित्र हातोहात खपले. कॉमन्स सभागृहाने विधेयक मंजूर केले. परंतु जो सरदार याला मत देईल तो आपला शत्रू, असा निरोप राजाने लॉर्ड्समध्ये फिरवला. १७ डिसेंबर १७८३ रोजी विधेयक पडले. दुसऱ्याच दिवशी सरकार बडतर्फ झाले आणि चोवीस वर्षांचा विल्यम पिट पंतप्रधान झाला. मार्चमध्ये संसद विसर्जित झाली. १७८४ ची निवडणूक ती हीच.

चाळीस दिवस

वेस्टमिन्स्टर हा साधासुधा मतदारसंघ नव्हता. बहुतेक ठिकाणी मूठभर मतदार असत आणि जमीनदार सांगेल तो निवडून येई. येथे मात्र स्थानिक कर भरणाऱ्या प्रत्येक घरमालकाला मत होते, त्यामुळे मतदारांची संख्या सुमारे बारा हजारांच्या घरात गेली होती. राजवाडा आणि संसद याच हद्दीत असल्याने येथील निकाल म्हणजे देशाचा कौल मानला जाई. जागा दोन, उमेदवार तीन. नौदलाचे वीर ॲडमिरल हूड आणि सर सेसिल रे हे पिटच्या बाजूचे आणि समोर एकटा फॉक्स. हूडची जागा निश्चित होती. खरी झुंज रे आणि फॉक्स यांच्यात होती. पहिले काही दिवस सोडले तर फॉक्स मागे पडत चालला होता.

जॉर्जियाना, तिची बहीण हॅरिएट आणि त्यांच्या वर्तुळातल्या इतर स्त्रिया घरोघर फिरू लागल्या. उच्चकुलीन स्त्रियांनी निवडणुकीत भाग घेणे नवे नव्हते. जेथे घराण्याची इस्टेट असे, तेथील प्रचारात त्या पूर्वीपासून उतरत, कुळांना मेजवान्या देत. जॉर्जियानाची आई सेंट ऑल्बन्समध्ये तेच करीत होती. वेस्टमिन्स्टरमध्येही पिटच्या बाजूने लेडी सॉल्सबरी आणि मिसेस होबार्ट फिरत होत्या. मग हल्ला एकट्या जॉर्जियानावर का झाला? ती घराण्याच्या उमेदवारासाठी नव्हे, तर एका परक्या पुरुषासाठी, एका पक्षासाठी आणि त्याच्या विचारांसाठी मते मागत होती. शिवाय ती दुकानदारांशी बरोबरीच्या नात्याने बोलत होती. त्यांच्या दुकानात बसे, मुलांची चौकशी करी, वस्तूंना मागितलेल्या किमतीपेक्षा अधिक पैसे देई. (तो सरळसरळ मतखरेदीचा प्रकार होता, हे येथे नमूद करायला हवे. दोन्ही बाजूंनी पैशाचा पाऊस पडत होता आणि त्यात कोणी कोणाला हसावे अशी स्थिती नव्हती.)

व्यंगचित्रांचा पूर आला. टॉमस रोलंडसनने डचेस एका जाडजूड खाटकाला मिठी मारून चुंबन देत असल्याचे चित्र काढले. इतरांनी त्याहून खालची पातळी गाठली. ती फॉक्सची रखेल असल्याचे सुचवणारी, तिच्या मांडीवर कोल्ह्याचे पिल्लू दाखवणारी, ड्यूकला घरात मूल सांभाळत बसवणारी चित्रे छापखान्यांच्या खिडक्यांत लटकू लागली. त्या वेळी जॉर्जियानाची पहिली मुलगी जेमतेम नऊ महिन्यांची होती. उमराव घराण्यांतील रिवाज मोडून तिने त्या मुलीला स्वतः अंगावर पाजले होते, हे त्या चित्रकारांच्या गावीही नव्हते. पुरुषाचे राजकारण चुकले तर त्याची धोरणे टीकेचे लक्ष्य होतात आणि स्त्रीचे चुकले तर तिचे शील, हा नियम त्या चाळीस दिवसांत ठळकपणे छापून निघाला.

त्या चुंबनाचे काय? आईला लिहिलेल्या पत्रात जॉर्जियानाची तक्रार वेगळीच आहे. चुंबने घेतली गेली ती बहिणीची आणि आणखी एका मैत्रिणीची. आपण त्यात नसताना बदनामी मात्र आपल्या वाट्याला आली, असे ती म्हणते. घाबरून आईने तिला सेंट ऑल्बन्सला बोलावून घेतले आणि ती गेलीही. पण फॉक्सची पिछाडी वाढत चालली होती. पक्षाचे नेते ड्यूक ऑफ पोर्टलंड यांनी परत येण्यासाठी तिची मनधरणी केली. पुरुषांच्या पक्षाने, पुरुष मतदारांसाठी, एका मताधिकारहीन स्त्रीला विनवण्या कराव्यात, हा त्या निवडणुकीतील खरा लक्षणीय क्षण. तो कोणत्याही व्यंगचित्रात आला नाही. ती परतली.

एप्रिल संपता संपता फॉक्सने रे यांना गाठले. १७ मे रोजी, म्हणजे योगायोगाने सालबाईच्या तहाला बरोबर दोन वर्षे झाली त्या दिवशी, मतदान संपले. हूडना ६,६९४, फॉक्सला ६,२३४ आणि रे यांना ५,९९८ मते पडली. २३६ मतांनी फॉक्स निवडून आला. त्याची खुर्ची पुष्पमाळांनी सजवून मिरवणूक निघाली. त्यात ‘स्त्रियांच्या देशभक्तीला अर्पण’ अशा अर्थाचा एक ध्वज होता आणि मिरवणूक विसर्जित झाली ती डेव्हनशर हाऊसच्या दारात.

देशभरात मात्र फॉक्सच्या पक्षाचे पानिपत झाले होते. पिटला प्रचंड बहुमत मिळाले आणि त्याच वर्षी त्याने स्वतःचा इंडिया ॲक्ट मंजूर करून घेतला. कंपनीवर सरकारी नियंत्रण मंडळ बसवणारी ही व्यवस्था १८५८ पर्यंत टिकली. १८०३ ची असईची लढाई आणि १८१८ मध्ये पेशवाईची अखेर या दोन्ही घटना याच व्यवस्थेच्या काळातल्या. हिंदुस्थानचा प्रश्न जॉर्जियानाच्या वर्तुळातून त्यानंतरही गेला नाही. फेब्रुवारी १७८८ मध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग सुरू झाला तेव्हा बर्क, फॉक्स आणि शेरिडन हे फिर्यादी पक्षात होते. प्रेक्षकांच्या सज्जातील जॉर्जियानाची आठवण मेकॉलेने पुढे आपल्या हेस्टिंग्जवरील निबंधात आवर्जून नोंदवली आहे. सात वर्षे चाललेल्या या खटल्यातून हेस्टिंग्ज १७९५ मध्ये निर्दोष सुटला.

एका छपराखाली तिघे

राजकारणात माणसे जोडणाऱ्या या स्त्रीचे घर मात्र विचित्र होते. १७८२ मध्ये बाथ येथे ड्यूक आणि डचेसची गाठ लेडी एलिझाबेथ फॉस्टर हिच्याशी पडली. ‘बेस’ या नावाने ती ओळखली जाई. ती डेरीच्या बिशपची मुलगी. नवऱ्यापासून विभक्त झालेली, निष्कांचन. तिची दोन्ही लहान मुले नवऱ्याकडे होती, कारण कायद्याने मुलांवर फक्त बापाचा अधिकार होता. जॉर्जियानाचे मन द्रवले. तिने बेसला घरी आणले आणि ती जणू तेथेच राहिली. थोड्याच काळात ती ड्यूकचीही झाली. तिला ड्यूकपासून दोन मुले झाली, एक मुलगी १७८५ मध्ये आणि एक मुलगा १७८८ मध्ये. दोन्ही परदेशात गुपचूप जन्मली.

जॉर्जियानाला हे ठाऊक होते. तरीही तिने बेसला दूर केले नाही. चित्रपटाने या नात्याला सवतीमत्सराचे सोपे रूप दिले आहे. दोघींच्या पत्रांतून दिसणारी जवळीक त्याहून गुंतागुंतीची आहे. बेस स्वार्थी होती, हे बहुतेक चरित्रकारांना मान्य आहे. पण एकाकी जॉर्जियानाचे मन जाणणारी ती त्या घरातली एकटीच होती, हेही नाकारता येत नाही.

दुसरे गुपित कर्जाचे. डेव्हनशर हाऊसमध्ये फॅरो या पत्त्यांच्या जुगाराची टेबले रात्रभर मांडलेली असत. जॉर्जियाना हरत गेली, हरलेले लपवत गेली आणि लपवलेले फेडण्यासाठी पुन्हा खेळत गेली. सरदार, बँकर, उद्योगपती, युवराज, सर्वांकडून तिने पैसे घेतले. सूतगिरण्यांचा जनक रिचर्ड आर्कराइट तिचा धनको होता. बँकर टॉमस कूट्स तिला कर्जही देई आणि कळवळ्याने सावधगिरीची पत्रेही लिही. त्याची पत्नी पूर्वाश्रमीची मोलकरीण असल्याने त्याच्या मुलींना उच्चभ्रू दिवाणखान्यांची दारे बंद होती. जॉर्जियाना ती उघडून देऊ शकत होती. त्या काळच्या कायद्यानुसार विवाहित स्त्रीची मालमत्ता नवऱ्याची आणि तिचे कर्जही नवऱ्याचेच. त्यामुळे प्रत्येक वेळी तिने ड्यूकपुढे कबुली दिली ती खऱ्या आकड्याच्या एखाद्या तुकड्याची. उरलेला आकडा सांगण्याचे धाडस तिला कधीच झाले नाही. जुगाराच्या या व्यसनाला तिच्या परिस्थितीचे कारण देऊन पांघरूण घालता येत नाही. तिच्या शब्दावर विसंबलेली माणसे त्यात पोळली.

२१ मे १७९० रोजी पॅरिसजवळ तिला मुलगा झाला. क्रांतीने धुमसणाऱ्या फ्रान्समध्ये कॅव्हेंडिशांचा वारस जन्मला आणि सोळा वर्षांनी सासरची अपेक्षा पूर्ण झाली.

एलायझा

तोवर तिच्या आयुष्यात चार्ल्स ग्रे आला होता. तिच्याहून सात वर्षांनी लहान, देखणा, महत्त्वाकांक्षी व्हिग खासदार. १७९१ मध्ये जॉर्जियानाला त्याच्यापासून दिवस गेले. ड्यूकनी पर्याय ठेवला तो असा की, ग्रे आणि होणारे मूल सोडावे, नाहीतर आपल्या तीन मुलांचे तोंड पुन्हा पाहता येणार नाही. ड्यूकची स्वतःची विवाहबाह्य मुले वाढवणाऱ्या स्त्रीला ही अट घातली गेली. कायदा पूर्णपणे ड्यूकच्या बाजूने होता. तिने मुले निवडली. आजारी बहिणीला हवापालटासाठी नेण्याचे निमित्त करून ती देशाबाहेर गेली. बेस आणि आईही बरोबर होत्या.

२० फेब्रुवारी १७९२ रोजी दक्षिण फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हान्स येथे मुलगी जन्मली. तिचे नाव एलायझा कोर्टनी ठेवले. बाळंतपणात आपण वाचणार नाही, या भीतीने जॉर्जियानाने लहानग्या मुलासाठी निरोपाचे पत्र लिहून ठेवले होते. त्याला समज आल्यावर ते द्यावे, अशी तिची इच्छा होती. एलायझाला नॉर्दम्बरलंडमध्ये फॅलोडन येथे ग्रेच्या आईवडिलांकडे सोपवण्यात आले. ती ग्रेची धाकटी बहीण म्हणून वाढली. ड्यूकने परत बोलावीपर्यंत जॉर्जियाना स्वित्झर्लंड आणि इटलीत फिरत राहिली. याच काळात तिला खनिजशास्त्राचा छंद जडला. तिने जमवलेले खनिजांचे नमुने आजही चॅट्सवर्थच्या संग्रहात आहेत. १७९३ च्या उन्हाळ्यात सेंट गॉटहार्डची खिंड ओलांडून ती परत निघाली. त्या प्रवासावर तिने मुलांसाठी लिहिलेली कविता १७९९ मध्ये लंडनच्या वृत्तपत्रात छापली गेली, तेव्हा कवी कोलरिजने तिला उद्देशून एक दीर्घ कविता लिहिली.

परतल्यावर तिच्या मुलाने तिला ओळखले नाही. तीन वर्षांच्या त्या मुलाला आईची ओळख नव्याने पटवावी लागली. एलायझाला ती अधूनमधून पाहू शके, पण परकी म्हणून. बेसची मुलगी कॅरोलाइन मात्र डेव्हनशर हाऊसमध्येच, जॉर्जियानाच्या मुलांबरोबर वाढत होती.

१७९६ मध्ये तिच्या डोळ्याला विकार झाला. वैद्यांनी डोळ्यावर जळवा लावल्या. रक्त मस्तकाकडे चढावे म्हणून एकाने तिचा गळा जवळजवळ आवळला. अखेर एका डोळ्याची दृष्टी गेली आणि ज्या चेहऱ्यावर लंडनने वीस वर्षे भाळून घेतले होते, तो विद्रूप झाला. तिने काही वर्षे समाजात येणे टाळले.

शेवटची बाजी

राजकारणाकडे ती परतली ती या अवस्थेत, आणि अभ्यासकांच्या दृष्टीने तिचे सर्वांत प्रौढ राजकीय काम याच काळातले आहे. आता गल्लीतला प्रचार नव्हता, पिसांच्या टोप्या नव्हत्या. फ्रेंच राज्यक्रांतीच्या प्रश्नावर फुटलेल्या व्हिगांना आणि त्यांच्या जुन्या वैऱ्यांना एकत्र आणण्यासाठी ती पत्रे लिहीत होती, निरोप पोचवत होती, एकमेकांशी न बोलणाऱ्यांना एका टेबलावर बसवत होती. राजा १७८८-८९ मध्ये वेडाच्या झटक्याने आजारी पडला होता तेव्हाही तिने दैनंदिन घडामोडींची टिपणे ठेवली होती आणि ती त्या पेचप्रसंगाच्या अभ्यासासाठी मोलाचे साधन ठरली आहेत. जानेवारी १८०६ मध्ये पिटचे निधन झाले. फेब्रुवारीत लॉर्ड ग्रेनव्हिल यांच्या नेतृत्वाखाली सर्वपक्षीय सरकार बनले आणि फॉक्स परराष्ट्रमंत्री झाला. त्यांच्यातला समेट घडवून आणण्यात तिचा वाटा होता. बावीस वर्षांनी तिचा पक्ष सत्तेत आला.

ते दिवस तिला फार लाभले नाहीत. यकृतातील गळवाने ३० मार्च १८०६ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, डेव्हनशर हाऊसमध्ये तिचा मृत्यू झाला. पिकॅडिलीत लोकांची गर्दी लोटली. डर्बी येथील ऑल सेंट्स चर्चमध्ये, आताच्या डर्बी कॅथीड्रलमध्ये, तिचे दफन करण्यात आले. फॉक्सही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेला. १८०९ मध्ये ड्यूकनी बेसशी लग्न केले आणि दोन वर्षांत तेही वारले. मुलगा सहावा ड्यूक झाला आणि अविवाहित राहिला. चार्ल्स ग्रे १८३० मध्ये पंतप्रधान झाला आणि १८३२ चा निवडणूक सुधारणा कायदा त्याच्याच कारकिर्दीत आला. त्या कायद्याने मतदाराची व्याख्या करताना ‘पुरुष’ हा शब्द पहिल्यांदाच स्पष्टपणे घातला. ब्रिटनमध्ये स्त्रियांना संसदीय मताधिकार मिळाला तो १९१८ मध्ये, तोही तिशीवरील आणि काही अटी पूर्ण करणाऱ्या स्त्रियांना. पुरुषांच्या बरोबरीने मिळायला १९२८ साल उजाडले.

जॉर्जियानाच्या प्रतिमेचा पुढचा प्रवासही तिला साजेसा निघाला. टॉमस गेन्सबरोने १७८० च्या दशकात काढलेले, भल्यामोठ्या टोपीतले तिचे चित्र काही काळ गहाळ झाले होते. एकोणिसाव्या शतकात ते एका वृद्ध शिक्षिकेच्या घरी सापडले. शेकोटीवर बसावे म्हणून तिने ते खालून कापले होते. १८७६ मध्ये लंडनच्या लिलावात ते १०,१०० गिनींना विकले गेले आणि काही दिवसांतच ॲडम वर्थ या अट्टल चोराने पळवले. पंचवीस वर्षांनी, १९०१ मध्ये, ते शिकागोत परत मिळाले आणि अमेरिकन धनाढ्य जे. पी. मॉर्गन यांच्या संग्रहात गेले. १९९४ मध्ये अकराव्या ड्यूकनी लिलावात बोली लावून ते चॅट्सवर्थला परत नेले. चार वर्षांनी, १९९८ मध्ये, अमांडा फोरमन यांचे चरित्र प्रसिद्ध झाले आणि चुंबनाच्या आख्यायिकेमागची राजकारणी स्त्री सामान्य वाचकांपुढे आली.

फोरमन यांच्या हाती लागलेला मुख्य ऐवज म्हणजे जॉर्जियानाची पत्रे. चॅट्सवर्थच्या दप्तरात अशी हजाराहून अधिक पत्रे आहेत. त्यांतल्या कित्येक ओळी मात्र आता वाचता येत नाहीत. घराण्याच्या लौकिकाला जपणाऱ्या पुढच्या पिढ्यांनी त्यांवर काळी शाई फिरवली आहे.